मालिश : आगाऊ आणि थकीत

माणसाने मालिश कधी करून घ्यावं? धावण्याआधी की धावून झाल्यावर? तुम्हाला हा प्रश्न तेलाचा वाटेल, मी बी.कॉम. असल्यामुळे मला तो जमाखर्चाचा वाटतो.

आमच्या यवतमाळच्या शाखेतले कॅशियर हल्ली मॅरेथॉन धावतात. चांगलं ४२.१९५ किलोमीटर! मुंबईच्या शर्यतीआधी त्यांनी पाय चोळून घेतले.

"कसं वाटलं?"

"पाय कापसासारखे हलके झाले ना भाऊ!"

"मग वेळ किती वाचला?"

"तो नाही वाचला."

त्यांच्या एका सोबत्याने तर आदल्या दिवशी हाडापर्यंत रगडून घेतलं. सकाळी पाय ओल्या पोत्यासारखे जड! म्हणून जाणते धावपटू सांगतात, शर्यतीच्या तोंडावर हात हलका ठेवावा आणि नवा प्रयोग तर करूच नये.

शास्त्र म्हणजे ऑडिटर. २०२० साली इंग्लंडातल्या संशोधकांनी २९ अभ्यास तपासून शेरा मारला : मालिशने ताकद वाढत नाही, दमही वाढत नाही, अंग थोडं लवचीक होतं आणि नंतरचं दुखणं थोडं कमी होतं. म्हणजे आगाऊ भरणा केला तर व्याज जवळजवळ शून्य!

मग ही फसवणूक म्हणायची का? छे! परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर आई दही ठेवते. दह्याने गणित सुटत नाही. पण आपल्यामागे कोणीतरी उभं आहे, एवढं त्या तळहाताला कळतं.

तरीसुद्धा खरं मालिश मला दिसतं ते आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी खांदमळणी. वर्षभर ज्यांनी जू वाहिलं ते बैलाचे खांदे शेतकरी हळद-तुपाने मळतो, शेकतो. शंकरपटाच्या बैलाची मालिश होते ती उद्या त्याने पळावं म्हणून. ती झाली गुंतवणूक. पोळ्याला मात्र बैलाला कोणी जुंपत नाही. त्या तुपामागे उद्याची शर्यत नसते, कालची नांगरट असते. ही निव्वळ परतफेड.

गंमत अशी, की ही परतफेड करणारा माणूस पुष्कळदा आमच्या यादीत थकबाकीदार असतो. बैलाचं देणं तो दरसाल, बिननोटिशीचं, तारखेला फेडतो. त्याच्या स्वतःच्या खांद्याला तूप कोणी लावायचं, हा रकाना मात्र आमच्या कुठल्याच फॉर्मवर नाही.