काचेच्या आतले मासे

बसा. खांदे सैल सोडा. श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

समोर एक फुलदाणी आहे. जाड, नितळ काचेची, हाताला जड. स्वीडनच्या स्मोलँड भागातल्या ऑरेफर्सच्या भट्टीत घडलेली. तिच्यातले मासे एडवर्ड हाल्ड यांच्या कल्पनेतले. अशा फुलदाण्या १९३७ पासूनच्या.

मासे गडद आहेत. पाणवनस्पतींच्या मधून वाट काढताहेत.

केव्हाची, कोणती पद्धत, खरी की नक्कल? असे प्रश्न मनात येतील. येऊ द्या. तुम्ही माशांपाशीच थांबा.

आता डोळे मिटा. बोटाचं टोक काचेवरून फिरवा. हळू. अजून हळू.

सगळीकडे गुळगुळीत. फ्रान्समधल्या नॅन्सीच्या गाले कारखान्यात आम्लाने रंगीत थर खाऊन पानंफुलं उमटवत. तिथे पानाच्या कडेशी बोट अडतं. इथे ते कुठेच अडत नाही.

मासा आहे, पण हाताला लागत नाही. या जाणिवेपाशी थांबा. एक श्वास.

डोळे उघडा. फुलदाणी उजेडाकडे धरा आणि काठाच्या जाडीतून खाली पाहा. बाहेर नितळ काच, आत नितळ काच, आणि मधोमध मासे.

आता ती किंचित फिरवा. एक मासा फुगतो, लांबतो, दुभंगतो. अजून थोडी फिरवा. तो दिसेनासा होतो. जाड काच उजेडाला वाकवते आहे. पुन्हा फिरवा. घाई नाही.

माशाची कड पाहा. ती मऊ आहे. आधी एक लहान, जाड काचगोळा होता, अंगावर रंगाचा थर घेतलेला. गार झाल्यावर तो थर कोरला गेला; जेवढा रंग उरला, तेवढे मासे झाले. मग गोळा पुन्हा सावकाश तापला. वर वितळलेली नितळ काच चढली. कारागिराने फुंकर घातली, आणि काचेबरोबर मासेही मोठे झाले.

ती फुंकर आठवून श्वास सोडा. लांब.

आणखी एकदा पाहा. माशांच्या आकारात हवा कोंडलेली आहे का? चांदीसारखी चमक? असती तर ही ‘एरियल’ असती. ती पद्धतही ऑरेफर्सचीच, १९३७ ची. इथे हवा नाही. आहे तो रंग.

आता नाव घ्या. ग्राल. सीमोन गाटे आणि क्नूट बर्गक्विस्ट यांनी १९१६ मध्ये घडवलेली पद्धत.

नाव उशिरा आलं, म्हणून ते तुमचं झालं. पुढची काच हाती येईल, तेव्हाही आधी बोटाला विचारा, मग उजेडाला. तळावरची सही सर्वांत शेवटी वाचा.