सफरीचे ओझे

हजला किंवा उमराहला निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "सामान कमीच न्या, अल्लाहच्या घरी जाताय, तिथे काय लागते?" दुसरा म्हणतो, "सगळे बरोबर घ्या, परदेशात कोण कुणाचे?" पहिला सल्ला देणारा आपल्याला नेहमीच अधिक दीनदार वाटतो. आम्हालाही वाटला. २०२३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही नवरा-बायको पंधरा दिवसांच्या उमराहला गेलो, तेव्हा दोघांच्या बॅगा मिळून वीस किलोही भरल्या नाहीत. त्या वेळी आम्हाला जो आनंद झाला, त्याला आज गर्वच म्हणावे लागेल.

उर्दू शाळेत शिकवताना आम्ही एहरामचे उदाहरण हमखास देतो. पुरुषाला दोन बिनशिवलेल्या चादरी, बाईला तिचे साधे शिवलेले कपडे. अत्तर नाही, नखे-केस कापणे नाही. साहेब कोण आणि शिपाई कोण, ओळखू येत नाही. यावरून आम्ही मनाशी ठरवून टाकले होते की सामान जितके कमी, तितकी परहेजगारी जास्त. शिक्षकाची ही खोडच असते. धडा वाचून होण्याआधी तात्पर्य तयार.

विमानतळावर आमच्या काफिल्यात मिरजेकडचे एक चाचा होते. त्यांची एकच बॅग काट्यावर तेवीस किलो भरली. आम्ही थट्टेने म्हटले, "चाचा, मक्केत दुकान टाकणार काय?" तेही हसले. पुढे हॉटेलात ती बॅग उघडली तेव्हा पाहिले: दोन छत्र्या, चपलांचे तीन जोड, ओआरएसची पाकिटे, सुई-दोरा, सेफ्टी पिना, पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स प्रती वेगळ्या पिशवीत. गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटावर उर्दूत 'सुबह', 'शाम' लिहिलेले, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. चाचींनी मसाल्याच्या सामानातून खसखस घरीच काढून ठेवली होती, कारण सौदीत तिला बंदी आहे. आम्हा दोघा बी.एड. झालेल्यांना हे ठाऊकच नव्हते. तेवीस किलोंत पसारा कुठेच नव्हता; अंधारात हात घातला तरी हवी ती वस्तू मिळावी, अशी ती बॅग होती.

तिसऱ्या दिवशी जोहरच्या नमाजनंतर आमच्या चपला हरमच्या दारातून गेल्या. कुणी चुकून नेल्या असतील. जोड एकच होता. काब्याभोवतीची पांढरी फरशी भर उन्हातही पायाला थंड लागते, पण बाहेरचा रस्ता तसा नव्हे. हॉटेलपर्यंत पोचेतो तळव्यांना फोड आले. संध्याकाळी चाचांनी न मागता एक जोड आणून दाराशी ठेवला. दोन दिवसांनी पत्नीला उन्हाचा त्रास झाला, तेव्हा ओआरएस त्यांचेच, छत्रीही त्यांचीच. (उन्हाला आम्ही तेव्हा फार गंभीरपणे घेतले नव्हते. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला आणि सौदी सरकारने १,३०१ मृत्यू जाहीर केले. त्यांतले बहुतेक परवान्याविना आलेले, म्हणजे डोक्यावर तंबूची सावली नसलेले लोक होते.)

तेव्हा आम्हाला येमेनच्या लोकांची आठवण झाली. हजरत इब्ने अब्बास यांची रिवायत सहीह बुखारीत आहे. येमेनचे लोक हजला शिधा न घेता निघत, स्वतःला तवक्कुल करणारे म्हणवून घेत आणि मक्केत पोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. त्यावर सूरह बकराची ती आयत उतरली, जिच्यात शिधा बरोबर घेण्याचा हुकूम आहे आणि लगेच तकवा हा सर्वांत उत्तम शिधा असल्याचे सांगितले आहे. आपल्या वाअजांतून दुसरा भाग पुष्कळ ऐकू येतो, पहिला क्वचित. आम्हीही मुलांना दुसराच शिकवत आलो. आमची बॅग हलकी होती याचा अर्थ एवढाच, की आमच्या वाट्याचे वजन साठीच्या पुढचा एक माणूस ओढत होता.

मग मनात येते की ओझे खरोखर कमी होते, की फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते?

आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, जहाजाने हजला गेले होते. मुंबईहून ही जहाजे १९९५ पर्यंत जात. त्यांच्याबरोबर लोखंडी पेटी, वळकटी, स्टोव्ह, तांदूळ आणि कफनाचे कापड होते. पण निघण्यापूर्वी ते महिनाभर गावात फिरले. कुणाचे चार आणे असतील तर दिले, कुणाशी बोलणे तुटले होते त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. परत येऊ की नाही याची खात्री नसलेला माणूस हिशेब जपून करतो. आम्ही मात्र परतीचे तिकीट खिशात घेऊन निघालो आणि 'कहा-सुना माफ करा' हा मजकूर एकदाच लिहून मोबाइलवरून दोनशे जणांना पाठवला. त्यांतल्या एकशे नव्वद जणांशी आमचे कधी भांडणच झाले नव्हते.

आपालाही तोच मजकूर गेला होता.

आपा आमची थोरली बहीण. अब्बांच्या चाळिसाव्यानंतर तिने हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. फक्त घरातली सगळी मोठी माणसे बसली होती, कागद तयार होता, आणि 'माहेर तुटू नये' असे एक वाक्य कुणीतरी बोलले होते. भावाला दोन तर बहिणीला एक, हा वाटा सूरह निसाने ठरवून दिलेला आहे, आणि तो आम्ही नववीच्या मुलांना फळ्यावर गणित मांडून समजावतो. तिने आनंदाने सोडला, असे आम्ही इतकी वर्षे समजून चाललो. आनंदाने का? तिला कुणी विचारले होते?

दुआ सांगितलेल्यांची नावे आम्ही एका वहीत लिहून नेली होती. कुणाला नोकरी हवी, कुणाला मूल, कुणाचे ऑपरेशन. तेवढी मात्र आमची शिस्त. मुलतजमसमोर गर्दीत ती वही वाचताना आपाचे नाव आले. तिच्यापुढे मागणी कोणतीच नव्हती. निघताना ती फक्त म्हणाली होती, "माझ्यासाठी पण हात उचल." आम्ही ते पान उलटून पुढे गेलो. नंतर परत मागे आलो, पण काय मागावे ते सुचेना. जे आपल्याच कपाटात कुलूपबंद आहे, ते अल्लाहकडे कसे मागायचे?

कुणी म्हणेल, सही आहे, कायद्याने विषय संपला. तो संपला असेल. वकिलाने आम्हालाही तसेच सांगितले. आपल्यातले काही आलिम म्हणतील, तिने माफ केले तर तुम्ही का उकरता? पण लाजेखातर केलेली माफी आणि खुशीने केलेली माफी एकच का, याचे उत्तर ज्याच्या हातात वाडी आली आहे त्याने देणे आम्हाला पटत नाही.

परत आल्यावर पाच लिटर जमजमच्या बाटल्या भरल्या, खजुराच्या पुड्या केल्या. आपाची पुडी थोडी मोठी केली आणि करताना स्वतःचीच शरम वाटली. ती आली, जमजम उभ्याने किबल्याकडे तोंड करून प्यायली, पायांचे फोड बरे झाले का, एवढेच विचारले.

गेल्या महिन्यात आम्ही वाडीचा सातबारा काढला आणि तिच्या घरी घेऊन गेलो. म्हटले, आपा, तुझे नाव पुन्हा लावायचे आहे, तू सांगशील तसे. तिने चष्मा लावून तो उतारा वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग घडी करून टेबलावर ठेवला आणि चहा टाकायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.