गाठोड्यात काय होतं?

स्थलांतरितांच्या सामानावर हळवं होऊन लिहिण्याची सध्या साथ आली आहे. माझ्या एका विद्वान स्नेह्यांनी गेल्या वर्षी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या स्थलांतरित-संग्रहालयातल्या ट्रंका, भरतकामाचे अभ्रे आणि जुनी प्रार्थनापुस्तकं यांवर पानंच्या पानं लिहिली. मग जाता जाता ठोकून दिलं, की कलकत्त्याहून वसाहतींतल्या ऊसमळ्यांवर गेलेले आपले गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूरही, तुळशीचं बी आणि रामचरितमानस असंच उराशी धरून निघाले होते. खिदिरपूरच्या सुरीनाम घाटावर २०१५ साली ‘बाबा आणि माई’ या गिरमिटिया जोडप्याचा पुतळा बसला, तेव्हापासून त्या जोडप्याच्या बोचक्यात जो तो आपल्याला हवं ते कोंबतो आहे.

नेपल्सहून निघणाऱ्याला आपण न्यूयॉर्कला चाललोय हे ठाऊक असे. तिकडून आधी गेलेल्या भावाचं पत्र आलेलं असे, निरोप घ्यायला वेळ असे. बस्ती, गोंडा किंवा आऱ्याकडचा माणूस मात्र पुष्कळदा बाजारात, जत्रेत नाहीतर स्टेशनावर अरकाट्याच्या, म्हणजे मजूर भरती करणाऱ्या दलालाच्या, तावडीत सापडे. काम कलकत्त्याजवळच आहे, असं त्याला सांगितलेलं असे. सासर सोडून बाहेर पडलेली बाईही त्याच वाटेनं डेपोत पोचे. मुक्कामच माहीत नाही, तो आठवणीची वस्तू कसली निवडणार? हुगळीकाठच्या डेपोत डॉक्टर तपासणार, नाव, बापाचं नाव, जात, गाव आणि अंगावरची खूण कागदावर चढणार, गळ्यात पत्र्याचा बिल्ला अडकणार आणि सरकारी कांबळं मिळणार. त्यातला कागद, म्हणजे एमिग्रेशन पास, पुढे नातवंडा-पतवंडांच्या हाती आला. आज त्रिनिदादचा माणूस बिहारमधलं मूळ गाव शोधत येतो तो त्याच कागदाच्या आधारानं. खानदानी ठेवा म्हणून उरली ती सरकारनं स्वतःच्या सोयीसाठी केलेली नोंद.

नदी तीच, काठही तोच, पण सामानाचा थाट वेगळा असू शकतो, हे पाहायचं तर मटियाबुर्जला जावं. अवधचं राज्य गमावलेला वाजिद अली शाह १८५६ मध्ये कलकत्त्याला आला. त्यानं बावर्ची, गवई, पतंगबाज आणि आख्खं प्राणिसंग्रहालय जमवून तिथे दुसरं लखनौच वसवलं. त्याच काठावरून अवधचीच रयत कांबळं घेऊन बोटीत चढत होती. आठवणी जपायलाही ऐपत लागते.

आता गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे वळतो. स्नेह्यांच्या लेखात ते औषधालाही नाहीत. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात गिरमिटाची ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा होऊन गेली होती, पण कौन्सिल अजून कलकत्त्यातच भरत होतं. मजुरांचे डेपो तिथून काही मैलांवर. गोखल्यांनी गळा काढला नाही. अनोळखी मुलूख, अनोळखी मालक, पाच वर्षांची बांधिलकी आणि काम सोडलं तर दिवाणी दावा नव्हे, फौजदारी शिक्षा, अशी कलमंच त्यांनी पुढे ठेवली. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका हे प्रमाण भरून काढायला काय काय केलं जातं, तेही सांगितलं. मळ्यांवरच्या आत्महत्यांचे आकडे वाचून दाखवले. सरकारी मतांनी ठराव पाडला. भरती थांबायला १९१७ उजाडलं. बोचक्यात तुळस होती की नव्हती, याची त्या माणसानं चौकशी केली नाही. माझ्या लेखी हीच खरी कणव.

इथवर लिहून थांबलो असतो तर बरं झालं असतं, कारण पुढचा पुरावा माझ्या सोयीचा नाही. गोखल्यांच्या मांडणीतला मजूर फक्त नाडला जातो, स्वतः काही करत नाही. मळ्यावरच्या माणसांनी तर बरंच काही केलं. मजुरीच्या चांदीच्या नाण्यांची कडी-वाळे घडवून घेतले. सावकाराला आणि मुकादमाला सहज उचलता येणार नाही अशी बचत बायकांच्या अंगावर राहिली. त्रिनिदादमध्ये मोहरमला बांबू आणि कागदाचे ताजिये उभे राहिले, हिंदू-मुसलमानांनी मिळून खांद्यावर घेतले. १८८४ मध्ये सान फर्नांदोला पोलिसांनी ताजियांच्या मिरवणुकीवर गोळ्या चालवल्या, तरी प्रथा मोडली नाही. ताजिया दरवर्षी डोक्यातल्या आराखड्यावरून बांधायचा आणि शेवटी पाण्यात सोडायचा. असा ठेवा काचेच्या कपाटात कुठला मावणार?

‘यात आपले मराठी कुठे?’ असं विचारणाऱ्यांसाठी एवढंच: ते कलकत्त्याहून नव्हे, मुंबईहून मॉरिशसला गेले, बरेचसे रत्नागिरीकडचे, आणि त्यांचं कोकणी लोकनृत्य जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून आजही नाचली जाते. तिला कुठलं बोचकं लागलं?

स्नेह्यांच्या लेखातली मोठी चूक मात्र वेगळीच आहे. त्यांचे प्रवासी फक्त जातात. फिजीला गेलेल्या सुमारे ६० हजारांपैकी २४ हजारांच्या आसपास माणसं परत आली, त्यांचं काय? दागिने, शिल्लक आणि तिकडे जन्मलेली पोरं घेऊन ही माणसं कलकत्त्याला उतरत. गावी जातवाले प्रायश्चित्ताचं जेवण मागत, भाऊबंद पैसा संपेपर्यंत गोड बोलत. मग पुष्कळजण पुन्हा कलकत्त्यात येत आणि मटियाबुर्जच्या झोपड्यांत परतीच्या बोटीची वाट पाहत. वाटेल त्या अटीवर आम्हाला वसाहतीत पाठवा म्हणत. भवानीदयाल संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी १९३१ मध्ये परतलेल्यांच्या या हालांवर अहवाल काढला. तोवर नबाबाचं लखनौ कधीच मोडलं होतं. आणि त्याच वस्तीत बसलेली माणसं मायदेशी पोचूनही ब्रिटिश गयानातल्या डेमराऱ्याची, फिजीची आठवण काढत होती. स्नेह्यांनी पुढच्या दिवाळीला त्यांची बोचकी सोडून दाखवावीत.