परसातली सीमा

तंजावरच्या जुन्या वस्तीत घरे अरुंद आणि लांब असतात. पुढे ओसरी, मागे विहीर आणि नारळी-केळीचा परस. दोन परसांच्या मध्ये पुष्कळदा नारळीच्या विणलेल्या झापांचे कुंपण असते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसात ते कुजते आणि पुन्हा बांधावे लागते. अशा बांधणीत मेढ वीतभर सरकू शकते. त्यात कोणाचा हेतू असतोच असे नाही. जुना खळगा चिखलाने बुजतो आणि मजूर शेजारी नवा खणतो. तरीही ज्याची जमीन कमी झाली त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : वीतभर भूमीसाठी बोलावे, की गप्प राहावे?

सामान्य समजूत गप्प राहण्याच्या बाजूची आहे. शेजारधर्म मोठा, जमीन लहान, असे म्हटले जाते. परंतु हे मौन क्वचितच रिकामे असते. न बोललेली वीत मनात वाढत राहते, आणि पुढे तिचा हिशेब पलीकडून वाहून आलेल्या सांडपाण्यावर किंवा राहून गेलेल्या एखाद्या आमंत्रणावर चुकता होतो. शिवाय ज्याला ती सोडली त्याला आपल्याला काही मिळाल्याचे ठाऊकच नसते. दानाला दाता लागतो तसा घेणाराही लागतो. घेणाऱ्याच्या नकळत झालेला त्याग हे दान नव्हे. ते न सांगितलेले कर्ज होय.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. १९६३च्या मुदतीच्या कायद्यानुसार खासगी जमिनीवर दुसऱ्याने उघडपणे, मालकाच्या हक्काविरुद्ध, सलग बारा वर्षे ताबा ठेवला आणि मालकाने दावा केला नाही, तर मालकाचा हक्क संपू शकतो. मात्र तोच ताबा मालकाच्या परवानगीने असेल, तर तो विरुद्ध ताबा ठरत नाही. मौनाने जे जाते ते परवानगीच्या एका शब्दाने राहते.

याच भूमीवर मराठ्यांच्या इतिहासातील एक मोठी वाटणी घडू पाहत होती. शहाजीराजे १६६४ साली निवर्तले. त्यानंतर तेरा वर्षांनी, १६७७ साली, शिवाजीमहाराज आणि त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे कोळ्ळिडम नदीच्या उत्तरतीरी भेटले. महाराजांनी पित्याच्या दौलतीतील अर्धा वाटा मागितला. व्यंकोजीराजे रात्रीच न सांगता तंजावरला निघून गेले. मग नदीच्या उत्तरेचा मुलूख महाराजांनी घेतला, पुढे लढाईही झाली, आणि अखेरीस तह झाला. बखरींतून आलेल्या त्याच्या कलमांत बंगळूर व आसपासचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिल्याचा उल्लेख आहे.

या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. हक्क आधी उच्चारला गेला, म्हणून नंतरचे देणे देणे ठरले. उच्चारण्यापूर्वी तोच मुलूख केवळ भाऊबंदकीचा विषय होता. परंतु हक्क सांगणारा सैन्यासह आला होता, आणि बलवंताच्या तोंडून आलेला न्याय्य शब्दही दुर्बळाला धमकीसारखा ऐकू येतो. रात्रीचे ते निघून जाणे केवळ भित्रेपणाचे म्हणून सोडून देता येणार नाही. बोलावे हे खरे. पण आपला शब्द पलीकडे कसा पोहोचेल, याचा विचार बोलणाऱ्यानेच करावयाचा असतो.

सीमावाद हा मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांपैकी एक आहे. त्याचा निर्णय ज्येष्ठात, खुणा स्पष्ट दिसतात तेव्हा करावा, असे तेथे सांगितले आहे. सीमेवर वड, पिंपळ यांसारखी झाडे लावावीत. शिवाय भूमीखाली राख, खापऱ्या, कोळसे अशा लवकर न नासणाऱ्या वस्तू पुराव्यात, असाही आदेश आहे. खुणा पुरेशा नसतील तर साक्षीदारांनी मस्तकावर माती घेऊन, तांबडी वस्त्रे व तांबड्या फुलांच्या माळा धारण करून, आपल्या पुण्याची शपथ घेत सीमा दाखवावी. यामागची जाणीव सूक्ष्म आहे. मनुष्याची स्मृती स्वार्थाकडे झुकते, म्हणून राग येण्यापूर्वीच खूण पुरून ठेवावी. आणि सीमा एकट्याला ठरविता येत नाही, तिला इतरांची साक्ष लागते.

तमिळ भाषेत कुंपणाला ‘वेली’ म्हणतात, आणि तंजावरच्या भातशेतीत ‘वेली’ हे जमिनीचे जुने मापही आहे, सहा एकरांहून थोडे अधिक. जे अडविते त्याच्याच नावाने जमीन मोजली जाते. शेजाराचेही तसेच आहे. पाऊस येण्यापूर्वी दोन घरांतील माणसांनी मिळून दोरी धरावी, मेढीच्या जागी दगड रोवावा, आणि ‘ही वीत माझी’ असे शांतपणे सांगून झाल्यावर, वाटल्यास, ‘ती तुम्ही वापरा’ असे म्हणावे. पहिले वाक्य टाळून दुसरे म्हणता येत नाही. ज्याची सीमा दोघांना ठाऊक आहे, तेवढेच मनुष्य दुसऱ्याला मोकळ्या मनाने देऊ शकतो.