दोष ठरवण्याआधी

आजच्या मननासाठी एकच वस्तू घेऊ. सूतगिरणीतल्या रिंग फ्रेमवरची पोलादी रिंग. आतला व्यास 42 मिलिमीटर, तळहातावर सहज मावणारी. मुंबईतली पहिली कापडगिरणी 1854 मध्ये ताडदेवला उभी राहू लागली, आणि पुढे परळ-लालबागच्या गिरण्यांत अशा रिंगांच्या रांगाच्या रांगा लागल्या. गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ घडवायला 1887 मध्ये व्हीजेटीआय ही संस्था सुरू झाली. 1923 मध्ये ती भायखळ्याहून माटुंग्याला आली. तिथल्यासारख्या एखाद्या मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे मापनशास्त्राच्या, प्रयोगशाळेत आपण बसलो आहोत, असं समजा. समोर रिंग आहे. घाई कुठलीच नाही.

रिंग लगेच उचलू नका. आधी ती मापनाच्या खोलीत नुसती ठेवून द्या. लांबी-रुंदीच्या मापांसाठी जगभर 20 अंश सेल्सिअस हे तापमान ठरलेलं आहे, आणि बाहेर मे महिन्यातलं परळ आहे. 42 मिलिमीटरची पोलादी रिंग 10 अंशांनी तापली, तर तिचा व्यास सुमारे 5 मायक्रॉन वाढतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तळहाताची ऊबही मापात उतरते. म्हणून मापनाचं पहिलं काम थांबणं, आणि ते कुठल्याच पुस्तकी सूत्रात दिसत नाही. रिंग निवते आहे तोवर तुम्हीही निवा. दोन श्वास सावकाश घ्या.

आता बोट फिरवा. गुळगुळीत लागते ना? बोटाचा निवाडा ऐकून घ्या, पण तो शेवटचा मानू नका.

पृष्ठभाग तपासणाऱ्या यंत्राची सुई रिंगेवर टेकवा. तिच्या हिऱ्याच्या टोकाची त्रिज्या असते 2 मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. सुई सरकते आणि कागदावर सुळके नि दऱ्या उमटतात. बघून छातीत धस्स होतं: ही आपली गुळगुळीत रिंग? आलेखाच्या कडेचे आकडे शांतपणे वाचा. उभी मोजपट्टी हजारो पटींनी ताणलेली आहे, आडवी त्या मानाने फारच कमी. दोन्ही दिशा सारख्याच वाढवल्या असत्या, तर हे सुळके नुसते मंद चढ-उतार दिसले असते. कडे दिसले ते आपल्या मोजपट्टीमुळे. आणि 2 मायक्रॉनहून अरुंद खाच असेल, तर तिच्या तळाशी सुई पोचलेलीच नाही. दिसलं त्यात थोडं आपलं आहे. जे सुटलं, त्याचं कारणही आपणच.

पुढचा प्रश्न लांबीचा. किती अंतरातले चढ-उतार खडबडीतपणात धरायचे? यंत्राला ते सांगावं लागतं. या अंतराला कटऑफ म्हणतात. बारीक घासलेल्या पृष्ठभागासाठी तो बहुधा 0.8 मिलिमीटर ठेवतात आणि असे पाच तुकडे, म्हणजे 4 मिलिमीटर, तपासतात. त्याहून लांब लाटा बाजूला पडतात. कटऑफ बदला, आकडा बदलतो. रिंग तीच असते.

जो आकडा हाती येतो, त्याला आरए म्हणतात. मध्यरेषेपासून वर आणि खाली जितकं अंतर, त्याची ही सरासरी. सरासरीपुढे क्षणभर बसा. एका पृष्ठभागावर टोकं वर आली आहेत, दुसऱ्यावर फक्त खाचा खाली गेल्या आहेत. दोघांचा आरए सारखाच निघू शकतो. टोकं सरकणाऱ्या भागाला ओरबाडतात, खाचा तेल धरतात. गुळगुळीत झालेला पाटा वाटण करत नाही, त्याला टाकी लावून घ्यावी लागते. इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतीवरही आडव्या-तिडव्या बारीक रेघा मुद्दाम ठेवतात, तेल टिकावं म्हणून. सगळ्यात गुळगुळीत ते सगळ्यात चांगलं, हा समज इथेच सोडून द्या.

आता गोलाई. मायक्रोमीटरने चहूबाजूंनी व्यास घेतला, सगळीकडे सारखा भरला. मग वस्तू गोल झाली का? नाही. तीन फुगवट्यांचा असा आकार असतो की त्याची रुंदी कुठूनही मोजा, सारखीच येते, पण तो वर्तुळ नसतो. सेंटरलेस ग्राइंडिंगमधून निघालेल्या दांड्यांवर असे तीन किंवा पाच फुगवटे येऊ शकतात, आणि समोरासमोरच्या दोन टोकांचं माप त्यांना पकडू शकत नाही. म्हणून रिंग फिरत्या टेबलावर ठेवून तिची आतली बाजू पूर्ण फेरीभर तपासायची. गोलाई मोजणारं यंत्र, टॅलिरॉन्ड, इंग्लंडमधल्या टेलर हॉब्सन कंपनीने 1949 मध्ये बनवलं. खडबडीतपणा मोजणारं त्यांचं टॅलिसर्फ 1941 चं.

टेबल फिरतं आणि आलेखातलं वर्तुळ एका बाजूला सरकलेलं दिसतं. रिंग वाकडी आहे? थांबा. फेरीत एकदाच येणारा हा फुगवटा बहुधा रिंग मध्यावर बसवलेली नसल्याचा असतो. फेरीत दोनदा आला, तर रिंग लंबगोल असेल, किंवा नुसती कललेली. हलक्या हाताने ती मध्यावर आणा, कल काढा, पुन्हा फिरवा. नवशिक्याचा निम्मा वेळ यातच जातो, आणि तो वाया जात नाही. एवढं करूनही जे उरेल, ते रिंगेचं. त्यातही फेरीतले पंधरा चढ-उतार धरायचे, पन्नास की दीडशे, हे ठरवणारा फिल्टर आपणच निवडतो.

आता रिंग मनातल्या मनात रिंग फ्रेमवर परत बसवा. तिच्या कडेवर ट्रॅव्हलर नावाची तारेची छोटी कडी सुताला घेऊन पळते. चाती मिनिटाला 15,000 फेरे घेत असेल, तर कडीचा वेग सेकंदाला सुमारे 33 मीटर. कापसाच्या तंतूंचा भुगा कडी आणि रिंग यांच्यामध्ये चिरडला जातो आणि त्याचाच पातळ थर वंगण होतो. नवी रिंग म्हणूनच काही दिवस कमी वेगाने चालवून रुळवतात. रिंग गोल नसेल तर सुताचा ताण दर फेरीत बदलतो. रिंग अगदी गोल आहे, पण चाती तिच्या मध्यावर नाही, तरी बदलतो. सूत तुटतं, आणि सायडर, म्हणजे फ्रेमवरचा कामगार, ते सांधत फिरतो. अशा वेळी बोट आधी त्याच्याकडे वळतं, नंतर रिंगेकडे; चाती मध्यावर आहे का, हे सगळ्यांत शेवटी पाहिलं जातं.

हा क्रम उलटा करा. दोष वस्तूचा की आपल्या मांडणीचा, हे कळेपर्यंत निवाडा देऊ नका. आणि आकडा लिहाल तेव्हा त्याच्या शेजारी तापमान, सुईची त्रिज्या, कटऑफ आणि फिल्टर लिहा. त्यांच्याशिवाय लिहिलेला आकडा हे माप नव्हे, नुसतं मत आहे.