बदलीच्या गावची सुखे

बदलीच्या गावी माणसाने सुख घ्यावे की नाही, आणि घेतले तर त्या गावाचे तो काही देणे लागतो की नाही, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे ज्यांची परप्रांतातील सरकारी निवासस्थानांत जातात, अशा आपल्यासारख्यांना तो टाळता येण्याजोगा नाही. बृहन्महाराष्ट्रातील नोकरदार घरांत एक वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सामानाच्या दोन पेट्या बांधलेल्याच ठेवायच्या. भिंतीत खिळा ठोकताना दहा वेळा विचार करायचा. कुंडीत तुळस लावायची, पण अंगणात आंबा लावायचा नाही. खरे जगणे पुढे, निवृत्तीनंतर, पुण्याच्या किंवा नागपूरच्या घरी. इथले सारे 'तूर्त'. हा 'तूर्त' शब्द आपल्या बोलण्यात जितका येतो तितका देवाचे नावही येत नसेल.

ज्यांची नेमणूक लंडन, पॅरिस, व्हिएन्ना अशा एखाद्या युरोपीय राजधानीत होते, त्यांना मात्र हा नियम लागू नसतो. तिथेही राहायचे तीनच वर्षे. पण पहिल्या रविवारपासून बागा, नदीकाठ, पुस्तकांची दुकाने पालथी घालणे सुरू होते आणि घरच्या पत्रांतून त्याची रसभरित वर्णने येऊ लागतात. तेच गृहस्थ जबलपूरला आले की घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन भेडाघाटला एकदा जाऊन येतात, धुवांधारसमोर छायाचित्र काढून घेतात, आणि गाव पाहून झाले असे समजतात. सुखाचा अधिकारही आपण शहराची प्रतिष्ठा पाहून बजावतो, असे म्हणावे लागते.

वस्तुतः जबलपूरच्या पोटातले गढा हीदेखील एक राजधानीच होती. संग्रामशाहाच्या बावन गढांच्या राज्याला याच गावाचे नाव मिळाले आणि राणी दुर्गावतीच्या पराक्रमाने ते दिल्लीपर्यंत पोहोचले. आज ती महानगरपालिकेच्या हद्दीतील एक दाट वस्ती आहे. परंतु संध्याकाळी कार्यालयातून सुटून जाऊन यावे एवढ्या अंतरात तिथे काय नाही? काळ्या खडकांच्या टेकडीवर एकाच प्रचंड शिळेच्या आधाराने उभा असलेला मदनमहाल आहे. वाटेवर, एका खडकावर जेमतेम टेकलेली ती दुसरी शिळा आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातील घरे कोसळली, ही मात्र हलली नाही. खाली संग्रामसागर आहे, त्याच्या काठी बाजनामठातला भैरव आहे. पावसाळा सरला की टोपल्यांतून शिंगाडे येऊ लागतात: हिरवे, तांबूस, किंवा उकडून काळे झालेले. ग्वारीघाटावर नर्मदेची आरती होते, पानाच्या द्रोणांतले दिवे पाण्यावर दूर जातात. घाटावरून परतताना शेणीच्या विस्तवावर भाजलेले गक्कड आणि वांग्याचे भरीत मिळाले तर रात्रीच्या स्वयंपाकाला सुट्टी. या सुखांना पैसा फारसा लागत नाही. वेळ लागतो, आणि आपण इथे राहतो आहोत हे मान्य करावे लागते. दुसरी अट पुष्कळांना जड जाते.

या अलिप्तपणाला काही जण अनासक्तीचे नाव देतात. हे नाव मला मुळीच पटत नाही. अनासक्त पाहायचा असेल तर त्याच घाटावर परिक्रमावासी पाहावा. गो. नी. दांडेकरांनी त्या वाटेची ओळख मराठी वाचकांस फार पूर्वी करून दिली आहे. त्याच्याजवळ कमंडलू आणि झोळी. उद्या तो इथे नसणार. पण आज ज्या काठावर आहे त्या काठाला तो वाकून नमस्कार करतो, तिथले पाणी ओंजळीत घेतो, आणि सदावर्तात वाढलेले आनंदाने खातो. त्याचा 'तूर्त' पूर्ण असतो. आपली आसक्ती तशीच्या तशी शाबूत असते. फक्त ती सातशे मैलांवरच्या एका सदनिकेत ठेवलेली असते. अमृतलाल वेगड यांचे उदाहरण याहून बोलके आहे. कच्छी गुजराती घराण्यात १९२८ साली जबलपुरात जन्मलेला हा चित्रकार १९७७ पासून नर्मदाकाठ टप्प्याटप्प्याने चालला आणि हिंदीत तिच्याविषयी लिहीत राहिला. त्याने नदीचा आस्वाद घेतला तो सुट्ट्यांतून, संसार आणि अध्यापन सांभाळून. पूर्वजांचे गाव दूर होते ही सबब त्याला सुचली नाही.

येथवर पुष्कळांची संमती मिळेल. अडचण येते ती पुढे. सुख घ्यावे हे ठरले. पण घेतलेले सुख निष्पाप असते काय?

लंडनचे हॅम्पस्टेड हीथ आपल्याकडच्या अनेकांनी पाहिले आहे. तिथल्या तळ्यांकाठी फिरताना ते मोकळे रान निसर्गतःच राहिले असावे असा समज होतो. तसे ते राहिलेले नाही. जमीनदाराला तिथे घरे उठवायची होती. त्याविरुद्ध चार दशके वाद चालला, आणि १८७१ मध्ये पार्लमेंटचा कायदा होऊन ते रान लोकांसाठी राखले गेले. रविवारचा फेरफटका म्हणून जे आपण घेतो ते कुणीतरी आधी भांडून ठेवलेले असते. जबलपुरातही बावन तळी होती असे सांगतात. राणीने बांधविला तो राणीताल, तिच्या दासीचा चेरीताल, आणि तिचा दिवाण आधारसिंह याचा आधारताल, अशी परंपरा आहे. राणी, दासी आणि अधिकारी यांची नावे शेजारी शेजारी पाण्यावर लिहिणारे गाव मला दुसरे ठाऊक नाही. यांतली कितीतरी तळी आता केवळ मोहल्ल्यांची नावे आहेत. चेरीतालला जाऊन पाणी शोधू नये. तळी बुजली ती काही भूकंपाने नव्हे. भराव पडला, नकाशावर रंग बदलला, आणि प्रत्येक टप्प्यावर एखाद्या टेबलावर एखादी फाइल आली असणार. तिच्यावर सही करणारा अधिकारी बहुधा बदलीचाच असणार. त्या काठी कधी न बसलेल्या माणसाला तळे म्हणजे खसऱ्याचा क्रमांक. शिंगाडे काढणाऱ्या ढीमराची डोंगी त्या क्रमांकात दिसत नाही. म्हणूनच संध्याकाळचा फेरफटका ही मला चैन वाटत नाही. तो त्या अधिकाऱ्याच्या कामाचाच, कागदावर न उमटणारा भाग आहे.

परंतु आस्वादाने दृष्टी येतेच असेही नाही. बरगीच्या धरणावर लोक नौकाविहाराला जातात. पाणी निळे, टेकड्या हिरव्या, मुले खुशीत. १९९० च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्या जलाशयाने दीडशेहून अधिक गावांना झळ पोचवली, आणि उठलेल्यांपैकी कित्येक जण जबलपुरात सायकलरिक्षा ओढू लागले. नौकेत बसू नये असे मी म्हणणार नाही. धरणाचे पाणी शेतांना मिळते आणि विजेचे दिवे आपल्याही घरात लागतात. पण खाली काय आहे हे मुलांनी विचारले तर 'पाणी' एवढेच उत्तर देणे मला खोटेपणाचे वाटते.

मराठी माणसाला तर इथे आणखी एक जुने खाते आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले. पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे. त्या छत्तीस-सदतीस वर्षांत आपलेच कमाविसदार, कारकून, शिलेदार इथे राहून गेले. तेही घरापासून दूर होते, त्यांनाही परत जायचे होते, आणि वसुलीच्या मुदतीपलीकडे या मुलखाचे काय होते याच्याशी त्यांतल्या बहुतेकांना कर्तव्य नव्हते. इथल्या तळ्यांपैकी एखाद्याला त्यांतल्या कुणाचे नाव लागल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

आधारसिंहाचे लागले. तो राणीचा नोकरच. अबुल फझलाच्या वृत्तांतात तो शेवटी दिसतो तो १५६४ च्या रणांगणावर: बाणांनी घायाळ झालेली राणी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून त्याला आपला अंत करायला सांगते, आणि त्या एका आज्ञेला त्याचा हात धजत नाही, मग ती स्वतःच कट्यार चालवते. आधारतालाचे पाणी अजून शिल्लक आहे, पूर्वीइतके नसले तरी. ते कृषी विद्यापीठाकडे जाणाऱ्या बाजूला आहे. तिकडे बदली होऊन आलेल्यांची घरे पुष्कळ आहेत.