विहाराच्या कुलुपाची किल्ली

विहार बांधून झाले की पहिला प्रश्न निघतो मूर्तीचा, दुसरा रंगाचा. मूर्ती कोठून आणायची यावर आठ आठ दिवस चर्चा चालते. दाराला कुलूपही लागते, पण त्याची किल्ली कोणाकडे राहायची यावर मात्र चर्चा होत नाही. ती ज्याच्या खिशात जायची त्याच्या खिशात आपोआप जाते. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु तिच्यामागे एक नीतीचा प्रश्न उभा आहे आणि नवदीक्षित कुटुंबांनी तो टाळून चालणार नाही. तो प्रश्न असा : दुसऱ्याने केलेल्या उद्धाराने माणूस मुक्त होतो काय?

या प्रश्नाचा अर्धा भाग आपल्याला चांगला ठाऊक आहे. आपल्या वस्त्यांत उद्धार करणाऱ्यांची कधीच वाण पडली नाही. निवडणूक आली की बायांसाठी शिलाई मशीन येते आणि पोरांसाठी क्रिकेटचे साहित्य येते. बाईला मशीन हवे होते की नळाला पाणी हवे होते, पोराला बॅट हवी होती की बसायला उजेडाची जागा हवी होती, हे कोणी विचारीत नाही. देणाऱ्याचे छायाचित्र निघते आणि घेणाऱ्याची मान खाली जाते. म्हणून आपण म्हणतो, आमचे काय करायचे ते आम्हाला ठरवू द्या. हे म्हणणे शंभर टक्के रास्त आहे. बाबासाहेबांची सारी चळवळ या एका वाक्यावर उभी होती असे म्हटले तरी चालेल.

पण हे 'आम्ही' म्हणजे कोण?

वस्तीने आपला विकास आपण करावा असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर वस्ती म्हणून कोण येते ते प्रत्येकाने आठवून पाहावे. बहुतेक ठिकाणी चार-पाच वडीलधारे पुरुष येतात. 14 एप्रिलची वर्गणी किती, वक्ता कोण, विहाराची फरशी केव्हा, हे ते ठरवितात. बुद्धपौर्णिमेची खीर स्त्रिया शिजवितात, विहार झाडतात, पांढरी लुगडी नेसून मिरवणुकीत पुढे चालतात. तरुण मंडप घालतात, कर्णा बांधतात, रात्रभर जागून पताका लावतात. कष्ट सगळ्यांचे, निर्णय चौघांचा. या चौघांना मी दोष देत नाही. ज्यांनी मजुरीतून आठ आठ आणे बाजूला टाकून ही जागा उभी केली, तीच ही माणसे आहेत. परंतु कष्टाने मिळविलेली गोष्ट आपलीच राहावी असे वाटणे आणि ती सर्वांची व्हावी असे वाटणे यांत अंतर आहे. धम्म या दुसऱ्या बाजूला उभा आहे.

महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी एक प्रसंग येतो. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींचे गणराज्य जिंकायचे होते. त्याने आपला मंत्री वस्सकार याला तथागतांकडे पाठविले. तथागतांनी मंत्र्याला सरळ उत्तर दिले नाही. ते आनंदाला विचारू लागले : वज्जी वारंवार एकत्र जमतात काय? एकजुटीने बसतात, एकजुटीने उठतात, एकजुटीने कार्य करतात काय? वृद्धांचा मान राखतात काय? कुळातील स्त्रियांना आणि मुलींना बळजबरीने ओढून नेत नाहीत ना? असे सात प्रश्न झाले. जोवर वज्जी हे पाळतात तोवर त्यांची वाढच होईल, ऱ्हास होणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. राज्य टिकेल की नाही हे सांगताना तथागतांनी हत्ती-घोडे मोजले नाहीत, तट-खंदक मोजले नाहीत. सभा भरते काय आणि स्त्री सुरक्षित आहे काय, हे पाहिले.

आमचे वडीलधारे या सातांपैकी वृद्धांच्या मानाची अट नेमकी लक्षात ठेवतात! ती आहेच आणि ती पाळलीच पाहिजे. पण तिच्या अगोदर वारंवार जमण्याची अट आहे, आणि तिच्या लगेच नंतर स्त्रियांची. शिवाय स्त्रियांविषयीची ही अट रक्षणाची आहे, आसनाची नव्हे. स्त्रीला कोणी हात लावू नये इतके पाळले म्हणजे तिला सभेत जागा मिळाली असे होत नाही. तथागत याच्या पुढे गेले, पण ते कसे गेले हे पाहण्यासारखे आहे.

महाप्रजापती गौतमीने कपिलवस्तूला तीनदा प्रव्रज्या मागितली आणि तीनदा नकार आला. पुढचे आपण भराभर सांगून टाकतो की आनंदाने रदबदली केली आणि भिक्खुणी संघ झाला. मधली गोष्ट राहून जाते. नकार मिळाल्यावर गौतमी घरी बसली नाही. तिने आपले केस कापले, काषाय वस्त्रे अंगावर घेतली, अनेक शाक्य स्त्रियांना बरोबर घेतले आणि ती वैशालीपर्यंत पायी चालत गेली. सुजलेल्या पायांनी, धुळीने माखलेल्या अंगाने ती दाराबाहेर उभी राहिली तेव्हा आनंदाने तिला पाहिले. म्हणजे परवानगी येण्याआधीच या स्त्रियांनी आपला निर्णय घेतला होता. आनंदाने तिच्यासाठी विनंती केली आणि तथागतांना प्रश्न विचारला : प्रव्रज्या घेतल्यास स्त्री अर्हत्पदाला पोहोचण्यास समर्थ आहे की नाही? समर्थ आहे, असे उत्तर आले. पात्रता मान्य झाल्यावर दार बंद ठेवायला कारण उरत नाही.

विनयात यापुढे आठ कडक नियम आहेत आणि शंभर वर्षांच्या भिक्खुणीने आजच्या भिक्खूलाही वंदन करावे असा त्यांतला एक आहे, हे मी लपवून ठेवणार नाही. ते नियम तथागतांचे की मागाहून घातलेले, यावर विद्वानांत वाद आहे. मला महत्त्वाचे वाटते ते असे की, वंदन ज्येष्ठतेप्रमाणे व्हावे, स्त्री-पुरुष पाहून नव्हे, अशी मागणी खुद्द गौतमीने पुढे केल्याची नोंद त्याच विनयात आहे. ती मागणी नाकारली गेली, पण नोंद कोणी पुसली नाही. बाबासाहेबांनी 1951 साली 'महाबोधी' मासिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लेख लिहिला, तेव्हा बुद्धाच्या तोंडी घातलेली स्त्रीनिंदक वाक्ये भिक्खूंनी मागाहून घुसडली असली पाहिजेत, असे त्यांनी तर्काने दाखविले. ग्रंथात आहे म्हणून मानायचे, ही सवय आपण दीक्षेबरोबर सोडली आहे.

आता आपल्या जवळचा इतिहास. नागपूरच्या जाईबाई चौधरींनी पोटासाठी हमाली केली. त्या वाचायला शिकल्या आणि पुढे त्यांनी अस्पृश्य मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. हे बाबासाहेबांच्या महाडच्या सत्याग्रहाच्या आधीचे, म्हणजे 1927 च्या अगोदरचे आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची रीत बदला, जातीची खूण सांगणारे दागिने टाका, मुलींना शाळेत घाला, असे सांगितले. बायांनी लुगड्याची रीत बदलायला दुसरा दिवस लावला नाही. कोणत्या समितीच्या ठरावाची त्यांनी वाट पाहिली होती?

20 जुलै 1942 रोजी नागपूरला दलित स्त्रियांची परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि समोर हजारो स्त्रिया होत्या. समाजाची प्रगती मी त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, या आशयाचे बाबासाहेबांचे प्रसिद्ध उद्गार याच परिषदेतील आहेत. ते विहाराच्या भिंतीवर आपण रंगवितो. पण त्या दिवशी स्त्रियांनी स्वतः जे ठराव केले ते रंगवीत नाही. बायकोला घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून अधिक बायका करण्याची चाल बंद व्हावी, गिरणीत आणि विडीच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांना रजा मिळावी, कायदेमंडळात स्त्रियांना जागा मिळाव्यात, अशा मागण्या त्यांत होत्या. स्वराज्यालाही अजून पाच वर्षे होती. घटस्फोट आणि एकपत्नीत्व हे दोन्ही विषय पुढे हिंदू कोड बिलात आले, आणि ते बिल अडविले गेल्यावर 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी त्यांच्या आठवणी जमवून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 साली काढले नसते, तर आज आपल्या मुलींना त्यांची नावेदेखील कळली नसती.

इतके सांगितल्यावरही एक आक्षेप हमखास येतो. 'आमची ना नाही हो, पण त्या अजून तयार नाहीत. पोरांना अनुभव नाही.' हा आक्षेप प्रामाणिक असू शकतो, पण तो आपल्या ओळखीचा आहे. तुम्ही अजून मताधिकाराला लायक नाही, आधी शिका, मग बघू, असे अस्पृश्यांना हेच सांगितले जात होते. बाबासाहेबांनी 1928 साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला तो निरक्षरांसकट. आपल्याला काय हवे हे समजण्यापुरती बुद्धी प्रत्येक माणसाजवळ असते आणि अक्षरओळखीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू नको, असे म्हणणाऱ्याला पोहणे शिकवायचेच नसते. जो युक्तिवाद दुसऱ्याने आपल्यापुढे केला तेव्हा अन्याय होता, तोच आपण आपल्या मुलीपुढे केला म्हणजे न्याय कसा होतो?

आणि 'तयार नाहीत' हे खरे तरी आहे काय? बचत गटाच्या बाया दर महिन्याला हप्ता गोळा करतात, कर्ज देतात, व्याज काढतात, बँकेत जाऊन उभ्या राहतात. बुडविणारीच्या दारात जाऊन वसुली करतात, तिच्या घरी आजारपण असेल तर हप्ता पुढे ढकलण्याचे शहाणपणही दाखवितात. याच बाईला विहाराच्या दानपेटीचा हिशेब मात्र जमणार नाही म्हणतात! मी शाळेत शिकवते. पालकसभेला वडील येतात, सही करतात. मुलगी कितवीत आहे हे पुष्कळदा ते बाहेर उभ्या असलेल्या तिच्या आईला विचारून सांगतात.

दारूचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. महाराष्ट्रात 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातील किंवा वॉर्डातील 25 टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली, तर परवान्याच्या दुकानावर मतदान घेता येते. एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली केली तर दुकान बंद होते. झालेल्या मतांच्या निम्म्याने नव्हे, एकूण मतदारांच्या. म्हणजे जी घरी बसली ती उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली गेली. कित्येक गावांच्या बायांनी हे करून दाखविले आहे. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण दीक्षेच्या वेळी घेतो. ती पाळली जावी म्हणून रांगेत उभे राहण्याचे काम स्त्रियांनी केले. याउलट चंद्रपूरची गोष्ट. तेथील बायांनी वर्षानुवर्षे झगडून जिल्ह्याची दारूबंदी मागितली, सरकारने ती 2015 साली दिली आणि 2021 साली काढून घेतली. बंदी चांगली की वाईट यावर मतभेद असतील. पण मागणारीला काढून घेताना कोण विचारतो?

तरुणांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांचे दुखणे एका ओळीत सांगता येते. त्यांचे खांदे आपल्याला हवे असतात, डोकी नकोत. संध्याकाळी वंदना झाली की विहाराला कुलूप लागते आणि परीक्षेची तयारी करणारा पोरगा दहा बाय दहाच्या खोलीत दूरदर्शन संचाच्या आवाजात वाचीत बसतो. मुलीला तर त्या खोलीतही कोपरा नसतो. विहारात अभ्यासिका करा म्हटले की वडीलधारे म्हणतात, दिव्याचे बिल कोण भरणार? आणि मुले-मुली एकत्र बसतील त्याचे काय? बिल तेच भरतील, वर्गणी काढून. वेळा, नियम, रखवाली तेच ठरवितील. चुकले तर सभेत जाब विचारावा, तो विचारायलाच सभा असते. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी आले तेव्हा आमच्या न्हाव्याला, उपालीला, आधी दीक्षा द्या, असे त्यांनीच सांगितले. तो आपल्याहून ज्येष्ठ व्हावा, आपण त्याला वंदन करावे आणि आपला शाक्यपणाचा ताठा मोडावा, म्हणून. वयाचा ताठा कुळाच्या ताठ्याहून मोडायला सोपा असेल असे मला वाटत नाही, तरी उदाहरण आपल्यापुढे आहे.

हे सारे वडीलधाऱ्यांनी मन मोठे करून 'द्यावे' असे मी मागत नाही. दिलेली किल्ली रुसवा आला की परत मागता येते. वर्गणी सर्वांची आहे, घाम सर्वांचा आहे, तेव्हा हा वाट्याचा प्रश्न आहे, दानाचा नव्हे. म्हणूनच तो तोंडी न ठेवता कागदावर आणला पाहिजे. ज्या विहाराची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली आहे, त्याच्या विश्वस्तांची नावे तेथील नोंदवहीत असतात. तो उतारा कोणालाही मागता येतो. येत्या आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल. तीन महिने दर संध्याकाळी उपासक-उपासिका एकत्र बसतील, तेव्हा ग्रंथवाचनाच्या अगोदर एक दिवस तो उतारा मोठ्याने वाचावा. त्यात स्त्रिया किती, तिशीच्या आतले किती, आणि जे हयात नाहीत असे किती, हे मोजावे. मग घटनेप्रमाणे सभा बोलवावी, बायांच्या सोयीच्या वेळी, म्हणजे स्वयंपाकाच्या वेळी नव्हे. नवी नावे ठरली की बदल अर्ज 90 दिवसांच्या आत द्यावा लागतो.